परदेशांतील अध्यापन आणि घरचें ऋण
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या रत्नागिरीचा माणूस पोटासाठीं घर सोडतो, हें नवें नाहीं. मुंबईच्या वाटेनें पिढ्यानपिढ्या गेल्या. परंतु द्रव्याची आशा न धरतां केवळ शिकविण्यासाठीं कोणी परक्या देशीं गेला, आणि दोन-चार वर्षांनीं परत आला, म्हणजे त्यालाही आपण तोच प्रश्न विचारतों : ‘तिकडून काय आणलेंस?’ हा प्रश्न वाईट नाहीं; मात्र त्याचें उत्तर पेटींत शोधूं नये. असा शिक्षक खरोखर काय घेऊन येतो, आणि त्याचें पुढील आयुष्य त्यामुळें कसें वळतें, याचा आज थोडा विचार करूं.

पंडिता रमाबाईंचें चरित्र या कामीं आपणांस उपयोगी पडेल. त्या कॅथलिक नव्हत्या. पण शिक्षकापुरता त्यांचा धडा सर्वांचाच आहे. पतिनिधनानंतर १८८३ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, तान्ही म्हणावी अशी मुलगी बरोबर घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकावी हा हेतु होता. परंतु कानांना कमी ऐकूं येत असल्यामुळें तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील मठांत त्या भगिनींना मराठी शिकवीत व स्वतः इंग्रजी शिकत. त्याच वर्षीं तेथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत त्या संस्कृत शिकवूं लागल्या, आणि तेथेंच विद्यार्थिनी म्हणून गणित व शास्त्रविषयांचा अभ्यासही करूं लागल्या. एका तासाला गुरु, दुसऱ्या तासाला शिष्य, अशी ती स्थिति होती. परदेशांतील अध्यापनाचें मर्म येथेंच आहे, असें आम्हांस वाटतें.

त्यांनीं पुरुषांना शिकवावें कीं नाहीं, असा प्रश्न तेथें निघाला. तसें केल्यास मायदेशीं त्यांचें वजन कमी होईल, म्हणून कांहीं धर्माधिकाऱ्यांनीं हरकत घेतली. कलकत्त्याच्या पंडितांकडून १८७८ सालीं ज्यांना पदवी मिळाली होती, त्या रमाबाईंना हें पटलें नाहीं, आणि तसें त्यांनीं पत्रांतून स्पष्ट कळविलें. ज्यांचें अन्न आपण खातों त्यांच्यापुढें नम्र राहावें, परंतु विवेक गहाण टाकूं नये, हें त्या तेथें शिकल्या.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं गेलेल्या बाई तेथें जवळजवळ तीन वर्षें राहिल्या. लहान मुलांस घोकंपट्टीनें नव्हे तर डोळ्यांनीं व हातांनीं शिकवावें, ही बालोद्यानाची पद्धति त्यांनीं अभ्यासिली. विधवांच्या शाळेस दहा वर्षें साह्य करण्यासाठीं बोस्टन येथें मंडळी उभी केली. आणि परत येतांच, ११ मार्च १८८९ रोजीं, मुंबईस शारदासदन उघडलें. पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. त्या सदनांतील पहिली विधवा विद्यार्थिनी कोण? आपल्याच जिल्ह्यांतील देवरूखच्या गोदूबाई जोशी. १८९३ सालीं मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला. गांवानें बहिष्कार घातला. तो त्या उभयतांनीं सोसला. १८९६ सालीं कर्व्यांनीं विधवांसाठीं काढलेला आश्रम पुढें हिंगण्यास गेला. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. त्या आश्रमांत आल्या, शिकल्या व आश्रमाच्या आधार झाल्या. १९१८ सालीं, पुरतें इंग्रजी येत नसतां, त्या अमेरिकेस गेल्या आणि परक्या घरीं धुणींभांडीं, स्वयंपाक करून तेथें राहिल्या. पाहा, चेल्टनहॅमच्या वर्गांत पेटलेली वात देवरूखच्या माजघरापर्यंत कशी आली!

पण हें सर्व सुखानें झालें, असें कोणी समजूं नये. १८९३ सालींच, मुलींना ख्रिस्ती केलें जातें, असा गवगवा होऊन अनेक पालकांनीं आपल्या मुली सदनांतून काढून नेल्या. परदेशीं रमाबाई ‘हिंदी’ ठरल्या, स्वदेशीं ‘परकी’ ठरल्या. परतलेल्या शिक्षकाच्या वांट्यास हें एकटेपण थोडेंफार येतेंच. तो उंबरठ्यावर उभा असतो. आंतल्यांना बाहेरचा वाटतो, बाहेरच्यांना आंतला. रमाबाईंनीं त्या उंबरठ्यावर रडत न बसतां शाळा मांडली. १८९७ च्या सुमारास दुष्काळांतील निराश्रित मुलींना त्यांनीं आणलें, आणि केडगांवच्या माळावर मुक्तिसदन उभें राहिलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या, काम राहिलें.

म्हणून जाणाऱ्यांस आमचें सांगणें इतकेंच : शिकविण्यास जा, पण आधीं शिका. मूळचे इंग्लंडचे व १५७९ सालीं गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपली भाषा एवढ्या आवडीनें आत्मसात केली कीं, १६१६ सालीं त्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालें. शिक्षकानें परभूमीचा मान कसा राखावा, याचें हें उदाहरण आपल्याच परंपरेंतील आहे.

आणि घरीं राहणाऱ्यांनो, आपलें कर्तव्य अधिक आहे. परतलेल्यास एक दिवस हार घालून मोकळे होऊं नका. त्याला एक वर्ग द्या, चार मुलें द्या. त्याचें बोलणें प्रथम विपरीत वाटलें तरी ऐकून घ्या. बाहेर मिळालेलें ज्ञान म्हणजे घरचें ऋण होय. तें फेडण्यास त्याला जागा दिली नाहीं, तर ऋणको तो नव्हे, आपण ठरूं.