हात हलका ठेव

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आपली मराठी मोठी मजेशीर भाषा आहे. आपण स्वयंपाक करतो तेव्हा स्वयंपाक तयार होतो, घर करतो तेव्हा घर उभं राहतं. पण दाढी करतो तेव्हा असलेली दाढी जाते. ज्याला दाढी हवी असते तो ती करत नाही, ठेवतो. परभाषक मित्राला हे समजावून सांगताना माझी नेहमीच तारांबळ उडते.

दुसरा शब्द हजामत. तो मूळचा अरबी. अरबीत हज्जाम म्हणजे तुंबड्या लावून रक्त काढणारा. त्याच्या पेटीत धारदार हत्यार असायचंच, म्हणून केसांचं कामही त्याच्याकडे आलं. आपल्याकडे पोचेपर्यंत शब्दातलं रक्त गेलं आणि केस तेवढे उरले. मराठीने मात्र या शब्दाला आपल्या पदरचं काही जोडून दिलं, ते म्हणजे पाणी. कुणाची खरडपट्टी काढायची असली की आपण त्याची बिनपाण्याने हजामत करतो. पाणी लावून केली तर ती सेवा, बिनपाण्याची केली तर ती शिक्षा, हे या भाषेनं कधीचंच ठरवून टाकलं आहे.

तर मी आज बोलणार आहे ते पाणी लावून, ब्रशने फेस करून, दोन धारांचं ब्लेड बसवलेल्या साध्या रेझरने करायच्या दाढीबद्दल. भगिनींनी लगेच रेडिओ बंद करू नये. आमच्या घरात तरी ब्लेडचं उरलेलं अर्धं आयुष्य बायकांच्याच हातात गेलं आहे.

माझे वडील शिंपीकाम करायचे. त्यांचा दाढीचा डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. त्यात तुरटीचा खडा, केस झडलेला ब्रश, साबणाची गोल वडी आणि एक पितळी रेझर. वरचा मुलामा उडून गेल्यामुळे आतलं पितळ दिसायचं. रेझरचे भाग तीनच: दांडी, दातेरी पट्टी आणि वरची टोपी. अंगणातल्या खुंटीला आरसा टांगायचा, बंबातलं गरम पाणी मगात घ्यायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत दाढी करायची, हा अब्बांचा एक दिवसाआडचा कार्यक्रम. जुम्याला मात्र न चुकता.

१९८६ साली, मी अकरावीत असताना, त्यांनी तो रेझर माझ्या हातात दिला. आधी नुसतं पाणी. दोन-तीन मिनिटं गालाला गरम पाणी लावत राहायचं. दाढीचा केस पाणी पितो, फुगतो, मऊ होतो आणि मग कापायला फार कमी जोर लागतो. हे शास्त्र मी पुढे वाचलं. अब्बांनी सांगितलं ते एवढंच, की कोरडं कापड आणि कोरडा गाल दोन्ही वाकडे कापले जातात. मग फेस. मग टोपी गालाला टेकवून दांडी हळूहळू खाली आणायची आणि बारीक कर्र असा आवाज आला की तिथेच थांबायचं. तो कोन साधारण तीस अंशांचा असतो. अब्बांना अंश माहीत नव्हते, आवाज माहीत होता. पहिला हात केसाच्या कलाने. पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा किंवा उलटा. गळ्यावर केसाचा कल भोवऱ्यासारखा फिरतो, तिथे आधी बोट फिरवून पाहायचं.

मी पहिल्यांदा रेझर गालावर दाबला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि आमच्या दखनीत म्हणाले, "हात हल्का रख रे. वजन उसका उसकू हैच, तू अपना नको डाल."

दखनीतला हा 'नको' तुमच्याच मराठीतला आहे, तेव्हा भाषांतर करत बसत नाही.

या रेझरमागे एक विक्षिप्त माणूस आहे, किंग कॅम्प जिलेट. हा अमेरिकेत बाटल्यांची बुचं विकत हिंडणारा फिरता विक्रेता. १८९४ मध्ये त्याने एक पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या माणसांनी नायगारा धबधब्याच्या आसपास एकाच अवाढव्य शहरात राहावं, धबधब्याची वीज वापरावी, आणि धंद्यातली स्पर्धा कायमची बंद व्हावी, असं त्याचं स्वप्न. स्पर्धा बंद झाली नाही. पुढच्याच वर्षी त्याला वापरून फेकायच्या ब्लेडची कल्पना सुचली आणि त्या स्पर्धेत तोच अब्जावधी ब्लेडं घेऊन उतरला. कातडीला रखवालीची पट्टी असलेले सुरक्षित रेझर त्याच्या आधीही होते. पण त्यांचं पातं जाड, पुन्हा पुन्हा पाजवावं लागणारं. जिलेटला हवी होती कागदासारखी पातळ पोलादी पट्टी. अशा पट्टीला धार धरणारच नाही, असं जाणकारांनी त्याला सांगितलं. विल्यम निकरसन नावाच्या इंजिनिअरने ती धरून दाखवली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. १९०४ मध्ये पेटंट मिळालं, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले तेव्हा दाढी घरोघर स्वत:च्या हाताने होऊ लागली. ब्लेडच्या वेष्टनावर जिलेटचा फोटो छापलेला असे. जगाच्या दाढ्या उतरवणाऱ्या या गृहस्थाने स्वत:ची मिशी मात्र झुपकेदार ठेवली होती.

ब्लेड असतं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं जाड. नुसतं धरलं तर लवचीक. टोपी आणि पट्टीच्या मध्ये दाबून बसवलं की त्याला बाक येतो, आणि त्या बाकामुळेच ते ताठ होतं. पूर्वीचं ब्लेड साध्या पोलादाचं असे, ओलं राहिलं की गंजायचं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या विल्किन्सन कंपनीचं न गंजणारं ब्लेड आलं आणि मग सगळ्यांनाच तसं करावं लागलं. आपल्याकडे टोपाझ, पनामा, भारत, सेव्हन ओ'क्लॉक ही नावं माझ्या वयाच्या लोकांना पाठ असतील. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे मधली खाच. कुठल्याही कंपनीचं ब्लेड कुठल्याही कंपनीच्या रेझरला बसतं. अब्बांच्या त्या पितळी रेझरला मी काल गल्लीच्या तोंडच्या दुकानातून आणलेलं ब्लेड बसवलं. असं आता कशाचं होतं? आमच्या घरात तीन मोबाइल आहेत आणि एकाचा चार्जर दुसऱ्याला चालत नाही.

वस्तऱ्याच्या काळात माणूस आपला गळा दुसऱ्याच्या हातात देत असे. डोळे मिटून, मान वर करून. नाभिकावर गावाचा केवढा विश्वास असला पाहिजे! जिलेटने हत्यार दुसऱ्याच्या हातून काढून ज्याचं त्याच्या हातात दिलं. सोय झाली, यात शंका नाही. पण माझ्या घरातल्या दोन गोष्टी मला आठवतात, त्यात हा स्वत:साठी केलेला रेझर दुसऱ्याच्या हातात गेला होता.

पहिली माझ्या मामूंची. ते मुंबईत एका बेकरीत कामाला होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत काय झालं ते मी सांगायला नको. जानेवारीत त्यांनी गावी यायचं ठरवलं, पण स्टेशनपर्यंत जायचं कसं? मूठभर लांब दाढी होती त्यांना. चाळीतल्या शेजारच्या खोलीत सातारकडचे एक कामगार राहत. त्यांनी आपला दाढीचा डबा आणि तांब्याभर गरम पाणी आणून ठेवलं. आता ज्यांनी कधी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, वाढलेली दाढी रेझरने थेट निघत नाही. लांब केस ब्लेड आणि पट्टीच्या फटीत अडकतात, ओढले जातात. आधी कात्री लावावी लागते. मामूंचा हात थरथरत होता. तेव्हा त्या शेजाऱ्यांनीच आधी कात्री आणि मग रेझर चालवून ती दाढी उतरवली. त्यांची बायको तेवढा वेळ बाहेर दारात उभी होती. ते दर दोन हातांनी विचारत होते, "लागत नाही ना, भाई?"

मामू रात्री आमच्या घरी पोचले. अम्मीने दार उघडलं आणि सख्ख्या भावाला विचारलं, "कौन होना?" म्हणजे, कोण पाहिजे?

मार्चमधल्या ईदपर्यंत दाढी परत आली, बरीचशी पांढरी. मामू त्याच चाळीत, त्याच शेजाराला परत गेले. ते आमच्याकडे राहिले ते दोन महिने अब्बांनी अंगणात दाढी केली नाही. मोरीचं दार लावून आत करायचे. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही.

दुसरी गोष्ट अब्बांची. साठीनंतर त्यांनी दाढी ठेवली आणि मग फक्त गालावरची आणि गळ्यावरची कड रेखून घ्यायचे. उर्दूत याला 'ख़त बनाना' म्हणतात. ख़त म्हणजे रेघ, ख़त म्हणजे पत्र, आणि फारसी-उर्दू कवींच्या दुनियेत तरुण गालावर फुटणारी लवसुद्धा ख़तच. मराठीत हा शब्द आला तो थेट कचेरीत शिरला: खरेदीखत, गहाणखत. एकाच शब्दाची एका भाषेत कविता होते आणि दुसरीत स्टँपपेपर!

२०१३ मध्ये अब्बांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. शिंप्याचा उजवा हात गेला, यापुढे काही बोलायचं राहत नाही. दर जुम्याला सकाळी त्यांचा ख़त मी करू लागलो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू होत्या, साधा ओरखडाही लवकर थांबला नसता. नर्सबाईंनी विजेचं ट्रिमर वापरायला सांगितलं आणि त्यांचं म्हणणं अगदी योग्य होतं. मी ते आणलं. त्याची घरघर सुरू झाली की अब्बा मान फिरवायचे. शेवटी पितळी रेझरच बाहेर काढला. दर खेपेला नवं ब्लेड, भरपूर पाणी, भरपूर फेस, भरपूर वेळ.

डावा गाल बोलायचा. जरा ओढलं गेलं की भुवई हलायची, ओठ हलायचे. उजव्या गालाकडून काहीच निरोप येत नसे. कातडी सैल पडलेली, ती डाव्या हाताच्या दोन बोटांनी ताणून धरायची आणि फक्त आवाज ऐकायचा. कर्र एकसारखं येतंय, म्हणजे ठीक. घरातला पंखा मी तेवढ्यापुरता बंद करत असे. अब्बांचं बोलणं अडखळत होतं, तरी रेझर उजवीकडे गेला की एक शब्द यायचाच, "हल्का." आठ महिने हे चाललं.

मी काही जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातला नाही. १९७१ मध्ये दोन पात्यांचं काडतूस आलं, १९९८ मध्ये तीन पात्यांचं, २००६ मध्ये पाच. ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांची लोकल सुटते त्यांनी ती जरूर वापरावीत. त्यांचं डोकं हलतं असतं, हाताने केलेला दाब ते स्वत: सोसतं. हाताला काही शिकावं लागत नाही, हीच त्यांची खुबी आणि माझी तक्रार. शिवाय हिशेब पाहा: एक काडतूस शंभराच्या पुढे, एक ब्लेड काही रुपयांत. काडतुसात पोलाद आणि प्लॅस्टिक असे जखडलेले असतात की भंगारातही कुणी घेत नाही.

आपल्याकडे दोन धारांचं ब्लेड टिकून आहे ते मात्र माझ्यासारख्या हौशी लोकांमुळे नव्हे. १९९०च्या दशकात एड्सची जागृती झाली, काविळीची भीती होतीच, आणि सलूनमध्ये एकाचा वस्तरा दुसऱ्याच्या गळ्याला लावणं बंद होत गेलं. कारागीर कागदी वेष्टनातच ब्लेड मोडून दोन तुकडे करतो, एक तुकडा मुठीत बसवतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. तोच न्याय बाळंतिणीच्या खोलीत. दाईच्या पाकिटात साबण आणि दोऱ्याबरोबर एक कोरं ब्लेड आलं, नाळ विळ्याने न कापता त्याने कापली जाऊ लागली. बाळंतपणातल्या धनुर्वातातून २०१५ मध्ये देश मुक्त ठरला. त्यात लशीचा वाटा मोठा, पण त्या कोऱ्या ब्लेडचाही आहेच.

राहता राहिलं वापरलेलं ब्लेड. अब्बांचं जुनं ब्लेड मशिनच्या खणात जायचं. अम्मी त्याने शिवण उसवायची, बहिणी पेन्सिलीला टोक करायच्या. आता घरात कुणी उसवत नाही, आणि ब्लेड नुसतं कचऱ्यात टाकलं तर ते वेचणाऱ्या बाईच्या बोटात जातं. मी एका पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडली आहे, ब्लेडं तिच्यातून आत टाकतो. आठवड्याला एक म्हणजे वर्षाची बावन्न. एकावर एक रचली तर जेमतेम अर्धा सेंटिमीटर. गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना मी तो डबा दाखवला आणि नेणार का विचारलं. त्यांनी तो कानाशी धरून हलवला आणि म्हणाल्या, "लई जागा हाय की अजून. भरला की द्या."