पायांतील रक्ताभिसरण आणि मूलपेशींची चिकित्सा
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वानांची व्याख्याने होत असतात. मी विद्वान नव्हे. हयातभर शस्त्रक्रियेचे काम केलेला एक वैद्य आहे. मजसारख्यास यंदा उभे करण्याचे कारण आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे. गतवर्षी आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे एक अर्ज आला. अर्जदार अवघा एकोणचाळीस वर्षांचा, घरचा कर्ता पुरुष. उजव्या पायाचा अंगठा काळा पडलेला, रात्र रात्र झोप नाही, पाय खाटेखाली लोंबता ठेवला म्हणजे तेवढाच आराम. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शल्यवैद्यांनी गुडघ्याखाली पाय काढावा लागेल असे सांगितले होते. मोठ्या शहरातील एका खासगी दवाखान्याने मात्र मूलपेशींच्या सुया देऊन पाय वाचवून देतो असे आश्वासन दिले आणि त्यापोटी काही लाखांचा आकडा सांगितला. निधीने तो द्यावा, अशी अर्जात विनंती होती.

समितीत दोन तट पडले व अभिप्राय मजकडे मागण्यात आला. मी ‘अभ्यास करून सांगतो’ म्हणून पंधरा दिवस घेतले. त्या पंधरा दिवसांत त्याच्या थोरल्या भावाने नदीकडचे वावर विकून टाकले. माझा अभिप्राय पोहोचला तेव्हा सुया देऊन झाल्या होत्या. तो उशिरा दिलेला अभिप्राय आज मी आपणां सर्वांपुढे सविस्तर मांडणार आहे.

प्रथम रोग काय तो पाहू. हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांवाटे पायाच्या बोटांपर्यंत जाते व नीलांवाटे परत येते, हे विल्यम हार्वे याने १६२८ साली सिद्ध केले. या दोहोंस जोडणाऱ्या केशासारख्या सूक्ष्म वाहिन्या माल्पीघी याने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. पायाची रोहिणी अरुंद झाली की प्रथम चालताना पोटरीत गोळा येतो. थांबले म्हणजे तो जातो, पुन्हा चालू लागताच येतो. आपली माणसे त्यास वात म्हणतात आणि तेल चोळतात. पुढे बसल्याजागी वेदना होऊ लागतात, नंतर न भरणारी जखम होते व शेवटी कोथ. वयस्कांत हे बहुधा रोहिणीच्या भिंतीत मेदाचे थर साचल्याने होते, आणि मधुमेह व धूम्रपान त्यास हातभार लावतात.

परंतु चाळिशीच्या आतील पुरुषाचा पाय काळा पडला, तर वैद्याच्या मनात दुसराच रोग येतो. फेलिक्स फॉन विनिवार्टर याने १८७९ साली त्याची नोंद केली आणि न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर याने १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. म्हणून त्यास बर्गरचा रोग म्हणतात. यात लहान व मध्यम रोहिण्यांना सूज येऊन आत रक्ताच्या गुठळ्या धरतात. हा रोग तंबाखूवाचून जवळजवळ आढळतच नाही. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्या पायांचे रक्ताभिसरण बिघडल्यामुळे १९४९ च्या मार्चमध्ये त्यांच्या मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया करावी लागली होती. तेही मोठे धूम्रपायी होते. तेव्हा हे दुखणे केवळ गरिबाचे नव्हे. तथापि विडी ओढणाऱ्या आपल्या देशात ते पाश्चात्त्य देशांहून अधिक आढळते, हेही खरे.

आता मूलपेशींकडे वळू. ज्या पेशीपासून तिच्यासारखी दुसरी पेशीही होते आणि निराळ्या कार्याच्या पेशीही होतात, ती मूलपेशी. कॅनडातील टिल व मॅककुलक यांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून अस्थिमज्जेत अशा पेशी असल्याचे दाखविले. रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जेचे रोपण करतात, ती याच ज्ञानाची परिणती. त्या कार्याबद्दल डोनाल थॉमस यांस १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही चिकित्सा सिद्ध झालेली आहे, आणि तिची पुण्याई पुढे करून बाकीच्या गोष्टी विकल्या जातात.

१९९७ साली आसाहारा आणि इस्नर यांनी अमेरिकेतून असे प्रसिद्ध केले की, प्रौढ माणसाच्या रक्तातही रक्तवाहिन्यांचे अस्तर निर्माण करू शकणाऱ्या पेशी फिरत असतात. मग त्या पोटरीत टोचल्या तर नव्या वाहिन्या का फुटू नयेत? विचार सरळ होता. २००२ साली जपानी वैद्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपला अनुभव छापला: कमरेच्या हाडातून सुमारे अर्धा लिटर मज्जा काढून तीतील पेशी पोटरीच्या स्नायूंत टोचल्या असता वेदना कमी झाल्या व घोट्याजवळील रक्तदाब वाढला. रुग्ण पन्नासाच्या आतच होते. पण आशेची लाट जगभर पसरली. पुढे असेही ध्यानात आले की, टोचलेल्या पेशी स्वतः वाहिन्या होऊन बसतात असे क्वचितच घडते. त्यांतून स्रवणारी द्रव्ये शेजारच्या ऊतींना चेतना देत असावीत.

येथे हॉलंडमधील एका परीक्षेचे वृत्त मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण माझा अभिप्राय मुख्यतः तीवर उभा आहे. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. एकशे साठ रुग्ण घेतले, सर्वांची अस्थिमज्जा काढली. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून निम्म्यांच्या मांडीच्या रोहिणीत त्या पेशी तीन वेळा सोडल्या व निम्म्यांना दिसावयास तसेच, पण पेशींवाचून असलेले द्रव्य दिले. कोणास काय मिळाले हे रुग्णासही ठाऊक नव्हते व तपासणाऱ्या वैद्यासही नव्हते. सहा महिन्यांनी पाहता पेशी मिळालेल्यांपैकी शेकडा १९ जणांचा पाय काढावा लागला होता, आणि न मिळालेल्यांपैकी शेकडा १३ जणांचा. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून पेशींनी अपाय झाला असे म्हणता येत नाही. पण पाय वाचले असेही म्हणता येत नाही. याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, वेदना, घोट्याचा रक्तदाब व जीवनमान यांत सुधारणा झाली ती दोन्ही गटांत! पाण्यासारखे द्रव्य टोचून घेतलेला रुग्णही ‘मला बरे वाटते’ असे प्रामाणिकपणे सांगत होता. तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर लावलेल्या समाधानी रुग्णांच्या पत्रांना किती किंमत द्यावयाची, हे आपणच ठरवा. ती पत्रे खोटी असतात असे मी म्हणत नाही. ती खरी असूनही त्यांनी काहीच सिद्ध होत नाही.

मग हे सर्व थोतांड आहे काय? तसेही नव्हे. बंगळूरच्या एका संस्थेने निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतील पेशी वाढवून तयार केलेल्या ‘स्टेमप्यूसेल’ या औषधास बर्गरच्या रोगासाठी भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१६ साली मर्यादित मान्यता दिली व २०२० साली ती विस्तृत केली. त्या परीक्षेत वेदना कमी झाल्या, जखमा लवकर भरल्या. परंतु कोण कोणत्या गटात हे सर्वांना ठाऊक होते, आणि हॉलंडच्या अनुभवानंतर हा उणेपणा मला लहान वाटत नाही. माझे मत असे: जेथे बायपास किंवा फुग्याने रोहिणी रुंद करणे शक्य नाही, तेथे रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाने सुचविल्यास या औषधाचा विचार व्हावा, ‘पाय हमखास वाचेल’ असे कोणी म्हणाल्यास तेथून उठावे.

आमच्या अर्जदारास दिले ते हे औषध नव्हतेच. त्याच्याच कमरेतून काढलेले काहीतरी त्याच दुपारी पुन्हा टोचले; त्याच दवाखान्यात गुडघे, मधुमेह, मतिमंदत्व या सर्वांवर तीच सुई होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ साली आपल्या मार्गदर्शक नियमांच्या नावातून ‘चिकित्सा’ हा शब्दच गाळला, आणि २०१७ च्या नियमांत रक्तविकारांवरील मान्य रोपण सोडून बाकी सर्व उपयोग संशोधन मानावे व त्यांची जाहिरात करू नये असे बजावले. संशोधन असेल तर त्याची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद हवी आणि रुग्णाकडून औषधाचे पैसे घेता येत नाहीत. नोंदीचा क्रमांक विचारल्यावर तोंड फिरविणाऱ्या दवाखान्यास निधीने एक पैही देऊ नये, अशी माझी सूचना आहे.

त्या गृहस्थाचा पाय तिसऱ्या महिन्यात काढावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळी मी त्यास भेटावयास गेलो, तेव्हा उशीखाली विडीचा कट्टा होता. त्या दवाखान्यात एकानेही त्यास विडीविषयी विचारले नव्हते! अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या रुग्णालयातील जुना अनुभव असा की, बर्गरच्या ज्या रुग्णांनी तंबाखू पूर्ण सोडली, त्यांपैकी शेकडा नव्वदांहून अधिकांवर अवयव गमावण्याची पाळी आली नाही. चालू ठेवणाऱ्यांत शेकडा चाळिसांहून अधिकांवर ती आली. इतका परिणाम कोणत्याही पेशीने अद्याप दाखविलेला नाही. आणि सोडणे म्हणजे पूर्ण सोडणे. दिवसाकाठी दोन विड्या, चिमूटभर मशेरी, हेही चालत नाही. आपल्या मंगलकार्यांत पानाच्या तबकाशेजारी विड्यांचे तबक अजूनही फिरते, हे मी या मांडवातच काल पाहिले. व्यवस्थापकांची क्षमा मागून ते आजपासून उचलावे, अशी विनंती करतो.

सोडणे सोपे नाही. त्या गृहस्थाने पाय गेल्यावर सोडली, दोनदा पुन्हा धरली, आता सात महिने झाले सुटली आहे. त्याचा डावा पाय शाबूत आहे. निधीने त्यास जयपूर पाय बसवून दिला व रिक्षाच्या हप्त्यांस मदत केली. या खर्चावर मी विनाविलंब सही केली.

उद्या सकाळी आठपासून कार्यालयाच्या मागील खोलीत मी व माझे दोघे तरुण सहकारी बसणार आहोत. ज्यांना चालताना पोटरी दुखते, ज्यांना मधुमेह आहे, किंवा जे तंबाखू सेवन करतात, त्यांनी यावे. पावलावरील व घोट्यामागील नाडी हाताने पाहू, आणि दंडाचा व घोट्याचा रक्तदाब मोजू. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा किंचित अधिक असतो. तो दंडाच्या नऊ दशांशांहून कमी भरला, तर पुढील तपासणीची चिठ्ठी देऊ. पायांत मोजे असल्यास काढून यावे. स्त्रियांसाठी निराळी व्यवस्था केलेली आहे.