निबंधाची शिस्त आणि गावचा दाखला



निबंध हा शब्द मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. पावसाळ्यातील एक दिवस, नदीचे मनोगत, विज्ञान शाप की वरदान हे विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. आरंभी एखादे सुभाषित, मध्ये पाठ केलेली वर्णने आणि शेवटी एक उदात्त विचार अशी त्याची घडण ठरून गेली आहे. शालान्त परीक्षेपुरती ती घडण उपयोगी पडतेही. परंतु कर्जत किंवा खोपोली स्थानकावरून पहाटेची लोकल धरून महाविद्यालय गाठणारा विद्यार्थी पदवीच्या वर्गात येतो, तेव्हा निबंधाचे एक निराळे रूप त्याच्यासमोर उभे राहते. त्या निबंधात वर्णनाला गुण नसतात. लिहिणाऱ्याचे म्हणणे काय, ते कशाच्या आधारावर आणि त्याविरुद्ध काय म्हणता येईल, एवढेच तेथे विचारले जाते. या बदलाला सामोरे जाताना विद्यार्थ्याच्या मनात काय घडते, याचा विचार शिक्षकांनी आणि गावचा कारभार पाहणाऱ्यांनीही करणे अगत्याचे आहे.

असा विद्यार्थी प्रथम गोंधळतो. ज्या वाक्यांना शाळेत शाबासकी मिळाली, त्याच वाक्यांखाली आता लाल रेघ येते आणि समासात ‘आधार काय?’ असा शेरा दिसतो. आपली भाषाच कमी पडते, असे त्याला वाटू लागते. घरी ठाकरी, कातकरी किंवा आगरी बोली बोलणाऱ्या मुलाला तर ही शंका अधिकच ग्रासते. प्रमाण मराठी हीच त्याने शाळेत कष्टाने मिळवलेली दुसरी भाषा असते. आता तिच्यावर शास्त्रीय परिभाषेचा तिसरा थर चढतो. मग तो जड शब्दांचा आश्रय घेतो. साध्या गोष्टीसाठी लांबलचक वाक्य रचतो, संदर्भपुस्तकातील उतारे जसेच्या तसे उतरवतो आणि पाने भरली म्हणजे अभ्यास झाला असे समजतो. अलीकडे तर मोबाईलवर तयार निबंध क्षणार्धात मिळतो. पाने भरण्याचा प्रश्न त्यामुळे सुटतो, विचार करण्याचा प्रश्न मात्र होता तेथेच राहतो.

काही काळाने, चांगला मार्गदर्शक लाभल्यास, त्याच्या ध्यानात येते की अडचण शब्दांची नव्हती. आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे लिहिण्यापूर्वी ठरलेच नव्हते, ही खरी अडचण होती. विषय आणि प्रश्न यांत अंतर आहे. ‘पाणीटंचाई’ हा विषय झाला. ‘अमुक वाडीतील विहीर फेब्रुवारीतच का आटते’ हा प्रश्न झाला. विषयावर कितीही लिहिता येते. प्रश्नाचे मात्र उत्तर द्यावे लागते. हा भेद ज्या दिवशी उमगतो, त्या दिवशी शास्त्रीय लेखनाच्या शिक्षणास खरी सुरुवात होते.

ही शिस्त परकी आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात प्रसिद्ध होऊ लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. या लेखकांच्या मतांविषयी दुमत असू शकेल, परंतु मराठी गद्य युक्तिवादासाठी राबवता येते हे त्यांनी दाखवून दिले. ‘निबंधमाले’च्याही आधी, १८५५ मध्ये, जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. तेव्हा ती केवळ चौदा वर्षांच्या आसपास होती. निबंधात व्यथा तर आहेच. पण धर्मग्रंथांवर एकाच वर्णाचा अधिकार असल्याचा दावा घेऊन त्यातून काय निष्पन्न होते, हे ती दावा करणाऱ्यांच्याच पुढे मांडते. ज्या समाजाविषयी तोवर इतरच बोलत होते, त्यातील एका विद्यार्थिनीने लेखणी हाती घेतली आणि तर्काने उत्तर मागितले. विद्यार्थ्याच्या निबंधाचे सामर्थ्य किती असू शकते, याचा याहून बोलका दाखला मराठीत क्वचितच सापडेल.

विद्यापीठीय निबंधाचा नमुना हवा असल्यास तोही दूर नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने हिंदुस्थानातील जातींविषयी इंग्रजीत निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याची बांधणी आजही अभ्यासण्यासारखी आहे. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चार अभ्यासकांनी जातीच्या केलेल्या व्याख्या ते क्रमाने घेतात. प्रत्येकीत ग्राह्य काय आणि अपुरे काय, हे तपासतात. यांतील केतकर म्हणजे कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवर प्रबंध लिहिणारे आणि पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादन करणारे श्रीधर व्यंकटेश केतकर. इतरांचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडून झाल्यावरच आंबेडकर स्वतःचे प्रतिपादन पुढे ठेवतात, की स्वजातीतच विवाह करण्याचे बंधन हे जातीचे मर्म होय. शेवटी आपला सिद्धान्त अंतिम नसल्याचे ते सांगतात आणि तो टिकत नाही असे कोणी दाखवून दिल्यास सोडून देण्याची तयारी दर्शवतात.

ज्याला या प्रश्नाची झळ स्वतः सोसावी लागली होती, त्याने तो इतक्या संयमाने हाताळावा, यात विद्यार्थ्यांसाठी मोठा धडा आहे. पुराव्याची शिस्त भावनेला दडपत नाही. उलट ती भावनेला असे रूप देते, की विरोधकालाही उत्तर देणे भाग पडावे.

आता हे सारे कर्जत व खालापूर तालुक्यांतील विद्यार्थ्याने कोठे शिकावे? त्याच्या हाताशी मोठे ग्रंथालय नसेल. परंतु अभ्यासाला योग्य असे प्रश्न त्याच्या दारात आहेत. भिवपुरीचेच उदाहरण घ्यावे. टाटांचे जलविद्युत केंद्र तेथे १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावर आंध्रा नदी अडवून केलेल्या ठोकरवाडी जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली आणून तेथे वीज निर्माण होते. नैसर्गिक उताराने पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे हे पाणी अशा रीतीने पश्चिमेकडे वळले. वीज तयार झाल्यावर सुटणारे पाणी पेज नदीत येते आणि राजनाला कालव्यामार्फत तालुक्यातील काही गावांच्या शेतीस मिळते. त्यामुळे पावसाळी भातानंतर तेथे उन्हाळी भाताचे दुसरे पीक घेता येते.

येथवर वर्णन झाले. निबंध यापुढे सुरू होतो. कालव्याच्या लाभक्षेत्रातील सर्वच शेतकरी दुसरे पीक का घेत नाहीत, असा प्रश्न विद्यार्थ्याने घ्यावा. जमिनीची पातळी उंच असल्याने पाणी पोहोचत नाही काय? कालव्याची दुरुस्ती राहिली आहे काय? घरातील कर्ती माणसे लोकलने नोकरीस जात असल्याने मजूर मिळत नाहीत, की जमीन फार्महाऊससाठी विकली गेली आहे? प्रत्येक कारण शक्य कोटीतील आहे; प्रत्येकासाठी पुरावा मात्र वेगळा लागेल. सातबारा उताऱ्यावरील पीकनोंद, पाटबंधारे विभागाच्या नोंदी, शेतकऱ्यांच्या मुलाखती आणि कालव्याच्या काठाने स्वतः केलेली पायपीट, या सर्वांचा मेळ घालून विद्यार्थी जे लिहील, ते कोणत्याही गाईडमध्ये आयते मिळणार नाही. १९१९ पासून चालत आलेले आणि आता कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत असलेले कर्जतचे भात संशोधन केंद्रही जवळच आहे. तेथील शास्त्रज्ञांचे म्हणणे आणि बांधावरील शेतकऱ्याचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्ही तपासण्याची सवय आपोआप जडेल.

इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही अशीच संधी आहे. माथेरानचे वीर विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य आले. या घटनेवर शाळांतून दरवर्षी भाषणे होतात. परंतु सरकारी दप्तर त्या लढ्याविषयी एक भाषा बोलते, सहकाऱ्यांच्या आठवणी दुसरी, तर गावोगावच्या वृद्धांकडून ऐकू येणाऱ्या कथा तिसरी. तिन्हींतील भेद लपवू नयेत. कोणती गोष्ट कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने नोंदवली, हे सांगून त्यांचे वजन करावे. याने हुतात्म्यांविषयीचा आदर कमी होत नाही. खरे काय घडले हे जाणून घेण्याची तळमळ, हीदेखील आदराचीच एक रीत आहे.

या शिक्षणाचे मोल केवळ गुणांत मोजता येणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर समाजाच्या वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोधकार्य थांबले, तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत या वस्तीचे नाव नव्हते, असे शासनाने त्या वेळी सांगितले. या दुर्घटनेवर हृदयद्रावक निबंध लिहिणे सोपे आहे. परंतु डोंगराखालील आणखी कितीतरी वाड्यांमध्ये पावसाचे मान किती, उतारावर भेगा केव्हा दिसल्या, झरे कोठे नव्याने फुटले, पूर्वी माती कोठे घसरली होती, हे तेथील माणसांना ठाऊक असते. ते ज्ञान कागदावर येत नाही, तोवर यादी करणाऱ्यांपर्यंत ते पोहोचत नाही. वाडीतील एखाद्या विद्यार्थ्याने तारीखवार, निरीक्षण आणि अनुमान वेगळे ठेवून, चार पानांचे टिपण लिहिले, तर ते तज्ज्ञाच्या पाहणीला पर्याय ठरणार नाही; मात्र ती पाहणी कोठे करावी हे निश्चित दाखवू शकेल.

कातकरी समाजाची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. दिवाळीनंतर त्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलांच्या शाळेचे महिने त्यात बुडतात. या समाजाविषयी अहवाल पुष्कळ लिहिले गेले, पण ते बहुतांशी बाहेरच्यांनी. त्या वस्तीतून पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलाला किंवा मुलीला आपल्या लोकांविषयी आधारासह लिहिता येऊ लागले, तर अहवालात विचारले जाणारे प्रश्नच बदलतील. म्हणून अशा विद्यार्थ्याच्या लेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आढळल्या, तरी शिक्षकाने प्रथम त्याचा मुद्दा वाचावा. शुद्धलेखन सुधारता येते. ‘तुला लिहिता येत नाही’ असे ऐकून मिटलेली वही पुन्हा उघडणे फार कठीण असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि संशोधन यांना स्थान मिळाले आहे. ते कागदोपत्री राहू नये, यासाठी शाळेपासूनच तयारी हवी. आठवी-नववीच्या वर्गात वर्षातून एक तरी निबंध असा असावा, की ज्यासाठी मुलाला कोणाला तरी विचारावे, काही तरी मोजावे आणि कोठून काय समजले हे नमूद करावे लागेल. तो एकदा तपासून परत द्यावा आणि पुन्हा लिहून घ्यावा. पहिला खर्डा हा विचार शोधण्यासाठी आणि दुसरा तो वाचकाला समजावा यासाठी असतो, हे मुलांना कृतीतूनच कळते.

ग्रामपंचायतींनीही यात हातभार लावावा. ग्रामसभेची इतिवृत्ते, जन्म-मृत्यूच्या नोंदी, पाणीपुरवठ्याचे हिशेब यांपैकी जे अभ्यासासाठी देता येईल, ते विद्यार्थ्याला पाहू द्यावे आणि व्यक्तींची खाजगी माहिती तेवढी जपावी. त्याने लिहिलेला निबंध ग्रामसभेत वाचण्यास त्याला बोलवावे. चुकीचे असेल ते ग्रामस्थ तेथेच सांगतील; त्याहून चोख परीक्षक कोठे मिळणार? शासकीय कार्यालयात प्रश्न घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याकडे कामातील व्यत्यय म्हणून पाहिले जाऊ नये. आज नोंदवही नीट वाचण्यास शिकलेला मुलगा उद्या त्याच गावचा कारभार पाहणार आहे.

लोकशाहीत कारभार मागण्यांवर चालतो आणि मागणीला बळ येते ते पुराव्याने. अर्ज, ठराव, अहवाल, तक्रार ही सारी निबंधाचीच भावंडे होत. आपले म्हणणे क्रमाने मांडावे, त्याला आधार द्यावा, दुसऱ्याच्या म्हणण्याला न्याय द्यावा आणि चूक दाखवली गेल्यास ती सुधारावी, एवढे ज्या गावातील मुलांना साधेल, त्या गावाला आपल्या वतीने बोलण्यासाठी दुसऱ्या कोणाचे तोंड पाहावे लागणार नाही.