पैशाला वाट, श्रमाला पहारा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पारपत्र आणि व्हिसा हे सुखवस्तू माणसांचे प्रश्न आहेत, अशी समजूत चळवळीत बरीच वर्षे रूढ आहे. ज्याला सहलीला जायचे आहे, ज्याच्या मुलाला अमेरिकेत शिकायचे आहे, त्याने वकिलातीच्या दारात रांग लावावी. श्रमिकांच्या संघटनेला त्याच्याशी काय कर्तव्य, असे सहज म्हटले जाते. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. रत्नागिरी-रायगडच्या खेड्यांतून आखाती देशांत जाणारा गवंडी, सुतार, वाहनचालक किंवा खानसामा याच्या दृष्टीने पारपत्रावरील एक शिक्का म्हणजे त्याची मजुरी, त्याचे कर्ज आणि कित्येकदा त्याची मोकळीकही असते. सहलीला निघालेल्याला व्हिसा नाकारला तर त्याची सुट्टी बुडते. मजुराला चुकीचा व्हिसा हाती पडला तर त्याचे घर बुडते. म्हणून कोणत्या देशात कोणी, कोणत्या अटीवर पाऊल ठेवावे हा प्रश्न मुळात वर्गीय प्रश्न आहे.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या तेराव्या कलमात प्रत्येक माणसाला स्वतःचा देश धरून कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परत येण्याचा हक्क मान्य केला आहे. परंतु दुसऱ्या देशात प्रवेश मिळण्याचा हक्क त्या जाहीरनाम्यात कोठेही नाही. म्हणजे घराबाहेर पडण्याचा हक्क आहे, पण पुढच्या दारात उभे राहू देण्याचे बंधन कोणावरच नाही. या अर्ध्या हक्काचा उरलेला अर्धा भाग प्रत्येक राज्यसंस्था आपल्या मर्जीने भरून काढते. ती मर्जी कोणाच्या बाजूने झुकते, हे पाहिले पाहिजे.

पहिल्या महायुद्धापूर्वी पश्चिम युरोपातील बहुतेक देशांत पारपत्रावाचून हिंडता येत असे. युद्धाच्या काळात हेरगिरीच्या भयाने निर्बंध आले. १९२० साली पॅरिस येथे राष्ट्रसंघाची परिषद भरून पारपत्राचा सर्वमान्य नमुना ठरला, आणि युद्धकाळापुरता म्हणून आलेला हा निर्बंध कायमचा होऊन बसला. पण युद्धापूर्वीचा हा मोकळेपणा गोऱ्या प्रवाशापुरताच होता. आशियातील श्रमिकाला तो कधीच लाभला नाही.

१८९७ साली नाताळ वसाहतीने प्रवेशनिर्बंधाचा कायदा केला. एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे आणि गाठीला पंचवीस पौंडांची मालमत्ता असली पाहिजे, अशा त्याच्या अटी होत्या. ‘हिंदी माणसाला मज्जाव’ असे शब्द त्या कायद्यात नव्हते. त्यांची गरजही नव्हती. कोणाला वगळायचे ते त्या अटींनीच ठरवले होते. पुढे ट्रान्सवालने १९०७ मध्ये आशियाई लोकांवर सक्तीच्या नोंदणीचा कायदा लादला, आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्ग येथे गांधीजींच्या नेतृत्वाखाली हिंदी लोकांनी आपली नोंदणीपत्रे जाळली. सत्याग्रह या शस्त्राचा जन्म असा दाखले आणि परवाने यांच्या लढ्यातून झाला, हे विसरता येत नाही.

त्याच १९०८ साली कॅनडाने आणखी चतुराईची अट काढली. मायदेशाहून थेट, अखंड प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल, असा नियम झाला. भारतातून कॅनडाला थेट जाणारी बोटसेवाच तेव्हा नव्हती. शिवाय आशियाई माणसाजवळ दोनशे डॉलर असावेत अशी अट होती. या नियमाला आव्हान देण्यासाठी गुरदित सिंग यांनी ‘कोमागाता मारू’ ही बोट भाड्याने घेतली. २३ मे १९१४ रोजी ती ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात पोचली. दोन महिने ती बंदरातच अडकवून ठेवण्यात आली, थोड्याशा प्रवाशांखेरीज कोणालाही उतरू दिले नाही, आणि २३ जुलैला तिला परतीच्या मार्गाला लावले. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे ब्रिटिश सरकारने त्या दमलेल्या माणसांवर गोळीबार केला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्यांच्या संसदेत याबद्दल क्षमा मागितली ती २०१६ साली, म्हणजे एकशे दोन वर्षांनी.

या जुन्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रवेशाच्या अटी शब्दांनी सर्वांना सारख्या दिसतात. त्या कोणाला लागतात आणि कोणाला लागत नाहीत, यावरून त्यांचा हेतू ओळखावा लागतो.

आजच्या अटींनाही हीच कसोटी लावून पाहावी. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढ माणसाला ९० युरो आहे. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचा उतारा, मुक्कामाची व्यवस्था आणि आपण परत जाणार याचा पुरावा, एवढे सारे अर्जदाराने द्यावयाचे. २०२४ मध्ये भारतातून अशा सुमारे ११ लाख अर्जांची नोंद झाली आणि दीड लाखाहून अधिक अर्ज नाकारले गेले. नकार मिळाला तरी शुल्क परत मिळत नाही. म्हणजे दार उघडले नाही तरी ठोठावण्याची किंमत चुकती करावीच लागते.

पण त्याच काळात पैशासाठी दारे कशी उघडी होती तेही पाहा. स्पेनने २०१३ साली पाच लाख युरोंची स्थावर मालमत्ता घेणाऱ्या परकीयाला निवासाचा परवाना देण्याची योजना काढली. घरांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्याची ओरड तेथे वाढत गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती योजना बंद करावी लागली. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी दोन आदेशांवर सही केली. एकाने नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जामागे एक लाख डॉलरची रक्कम लादली. दुसऱ्याने दहा लाख डॉलर देणाऱ्या व्यक्तीसाठी ‘गोल्ड कार्ड’ नावाचा निवासाचा मार्ग काढला. एकाच दिवशी, एकाच लेखणीने, कौशल्य घेऊन येणाऱ्याची वाट महाग झाली आणि थैली घेऊन येणाऱ्यासाठी नवी वाट निघाली. संयुक्त अरब अमिरातीत वीस लाख दिरहमची मालमत्ता घेणाऱ्याला दहा वर्षांचा ‘सुवर्ण व्हिसा’ मिळतो आणि त्याला कोणा मालकाची हमी लागत नाही. ती मालमत्ता ज्याच्या हातांनी उभी राहिली, त्या गवंड्याचा तेथील मुक्काम मात्र त्याच्या मालकाशी बांधलेला असतो.

आखातातील या व्यवस्थेला ‘कफाला’ म्हणतात. कफील म्हणजे जामीनदार. मालक हाच मजुराचा जामीनदार, आणि त्याच्याच नावावर मजुराचा व्हिसा. नोकरी सोडली की देशात राहण्याचा आधार गेला. पगार थकला म्हणून काम टाकून निघाला की तो ‘फरारी’ ठरू शकतो. मजूर आणि मालक यांच्यात करार झाला असे म्हणण्यासाठी दोघांनाही तो मोडण्याची मोकळीक असावी लागते. येथे ती एकाच बाजूला आहे. तेव्हा मजुराचा व्हिसा हा प्रवेशाचा परवाना असला तरी व्यवहारात तो गहाणखतासारखा चालतो.

ही व्यवस्था अचल आहे असे मात्र समजू नये. कतारमध्ये देश सोडण्यासाठीही मालकाची परवानगी लागत असे. २०१४ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत त्या देशाविरुद्ध तक्रार दाखल झाली. विश्वचषक फुटबॉल स्पर्धेमुळे जगाचे लक्षही तिकडे लागले होते. परिणामी २०१८ मध्ये बहुसंख्य कामगारांची आणि २०२० मध्ये घरकामगारांची त्या परवानगीतून सुटका झाली. नोकरी बदलण्यासाठी लागणारे मालकाचे ना-हरकत पत्रही २०२० मध्ये रद्द झाले. कागदावरचा बदल कामाच्या जागी पोचायला वेळ लागतो हे खरे. पण कामगार संघटनांनी रेटा लावला की अशी कुलुपेही निघतात, एवढे यावरून सिद्ध होते.

परक्यांच्या दारांविषयी एवढे बोलल्यावर स्वतःच्या दाराकडे पाहणे भाग आहे. सतवंतसिंग सहानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली परदेशप्रवास हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षी पारपत्राचा कायदा झाला. मनेका गांधी यांचे पारपत्र १९७७ साली जप्त झाले, तेव्हा त्यावरील १९७८ च्या निकालाने व्यक्तिस्वातंत्र्य हिरावण्याची रीत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे हे तत्त्व पक्के केले. हे निकाल अभिमानास्पद आहेत. पण या स्वातंत्र्याच्या पुढच्या पानावर एक शिक्का मारलेला आहे.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार आलेल्या व्यवस्थेत पारपत्रधारकांचे दोन वर्ग पडले. जो दहावी उत्तीर्ण आहे किंवा प्राप्तिकर भरतो, त्याला कोणाला विचारावे लागत नाही. अन्य काही सवलती वगळता, ज्याच्याजवळ दोन्ही नाहीत त्याच्या पारपत्रावर ‘ईसीआर’, म्हणजे उत्प्रवासास मंजुरी आवश्यक, अशी नोंद होते. आणि सौदी अरेबिया, कुवेत, ओमान, मलेशिया यांसारख्या अठरा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी त्याला उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. नाताळच्या कायद्याने भाषा आणि पंचवीस पौंड विचारले. स्वतंत्र भारताच्या व्यवस्थेने दहावी आणि प्राप्तिकर विचारला. हेतू निश्चितच भिन्न आहे. तेथे हाकलायचे होते, येथे सांभाळायचे आहे. पण चाळणी त्याच जातीची आहे. जानेवारी २०१८ मध्ये तर या वर्गाला नारिंगी रंगाचे वेगळे पारपत्र देण्याची घोषणा केंद्र शासनाने केली होती. गरीब आणि अल्पशिक्षित माणसाच्या हाती त्याच्या गरिबीचा रंग द्यावयाचा, ही ती कल्पना! देशभर टीका झाली आणि ३० जानेवारीला ती मागे घ्यावी लागली. रंग टळला, शिक्का राहिला.

मग हा शिक्का आणि ही मंजुरी सरसकट रद्द करावी काय? येथे घाई करून चालणार नाही. या मंजुरीमुळे करार तपासला जातो, दलालाला नोंदणी करावी लागते, दहा लाख रुपयांचा विमा उतरवला जातो, आणि दलालाने मजुराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेऊ नये असे बंधन येते. हे सारे काढून घेतले तर मजूर उघडा पडेल. परंतु आज व्यवहारात काय घडते? अनधिकृत दलाल ही सारी कटकट टाळण्यासाठी मजुराला नोकरीच्या व्हिसाऐवजी भेटीच्या व्हिसावर पाठवतो. कागदोपत्री तो पाहुणा. त्यामुळे मंजुरी नाही, विमा नाही, नोंदलेला करार नाही. तेथे काम करताना सापडला तर कायदाभंग त्याचाच.

प्रवेशाची अट सैल झाली म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असेही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीय प्रवाशांना व्हिसावाचून प्रवेश दिला. नोकरीच्या आमिषाने तेथे नेलेल्या अनेक तरुणांना पुढे म्यानमारच्या सीमाभागातील सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबण्यात आले. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणावे लागले. अशा अड्ड्यांवर संगणक जाणणाऱ्या तरुणांनाच मागणी असते. दहावीच्या दाखल्याने दिलेली मोकळीक त्यांना संरक्षण देऊ शकत नाही.

तेव्हा चूक संरक्षण देण्यात नाही. संरक्षणाचे ओझे मजुराच्या पारपत्रावर लादण्यात आहे. ईसीआर वर्गातील तीस वर्षांखालील स्त्रीला या देशांत घरकामासाठी जाण्याची मंजुरीच मिळत नाही. तिचे शोषण होईल म्हणून तिलाच बंदी! शोषण करणाऱ्यावर अट घालण्याऐवजी जिचे शोषण होईल तिच्यावर अट घालण्याची ही रीत बदलली पाहिजे. अशी बंदी आली की गरज संपत नाही. ती चोरवाट शोधते.

म्हणून समाजवाद्यांची मागणी स्पष्ट असावी. मजुरीसाठी परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला, त्याचे शिक्षण आणि मिळकत काहीही असो, देश कोणताही असो, हे संरक्षण मिळावे. पारपत्रावर मात्र कोणताही भेददर्शक शिक्का नसावा. अट असावी ती मालकावर आणि दलालावर. मजुराला समजेल अशा भाषेतला करार निघण्यापूर्वी नोंदवला जावा, आणि तिकडे पोचल्यावर तो बदलला गेल्यास दलालाकडून भरपाई वसूल व्हावी. कामगाराकडून भरतीचे शुल्क घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या करारात नमूद आहे. व्हिसा आणि तिकीट यांचा खर्च मालकाचाच, असा कायदा येथेही झाला पाहिजे.

कायदा होईपर्यंत तालुक्याच्या कचेरीतील कार्यकर्त्याला पुष्कळ करता येईल. गावातून कोणी निघाला की दलालाचा नोंदणी क्रमांक शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ व्यवस्थेत तपासून पाहावा. व्हिसा नोकरीचा की भेटीचा, हे वाचून त्याला मराठीत सांगावे. करार, पारपत्र आणि व्हिसा यांच्या प्रती घरी आणि पक्षाच्या कचेरीत ठेवाव्यात. १९६७ च्या कायद्याप्रमाणे पारपत्र ही भारत सरकारची मालमत्ता आहे, तेव्हा परदेशातील कोणत्याही मालकाला ते अडकवून ठेवण्याचा अधिकार नाही, हे त्याला निघण्यापूर्वी समजावून द्यावे. दागिने मोडून किंवा जमीन गहाण ठेवून दलालाला रोख देणाऱ्या कुटुंबाला पावती मागायला शिकवावे. ही कामे लहान दिसतात. पण वेळेवर वाचलेला एक व्हिसा पुढची कित्येक वर्षांची फरफट वाचवू शकतो.

डॉ. राममनोहर लोहियांनी पारपत्रावाचून माणूस जगभर हिंडू शकेल अशा जगाचे स्वप्न बाळगले होते. ते जग आज जवळ दिसत नाही. उलट भिंती उंच होत आहेत आणि त्यांतून पैशापुरत्या खिडक्या काढल्या जात आहेत. त्या भिंती एका दिवसात पडणार नाहीत. परंतु आपल्याच देशाने आपल्याच श्रमिकाच्या पारपत्रावर मारलेला शिक्का पुसण्यासाठी कोणत्याही परकीय वकिलातीची परवानगी लागत नाही. त्या कामाला प्रत्येक तालुक्यातून सुरुवात व्हावी.