ज्याचा अपराध केला, त्याचे काय?

ख्रिस्ती श्रद्धेत पापक्षमेला तीन पक्ष असतात: पाप करणारा, क्षमा करणारा देव आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो शेजारी. पहिल्या दोघांविषयी मराठी ख्रिस्ती लेखणी चारशे वर्षे लिहीत आली आहे. तिसऱ्याला तिने दाराबाहेर उभे ठेवले. अध्यक्षपदाच्या आसनावरून वर्षभराच्या साहित्याचा आढावा घेण्याची प्रथा आहे. यंदा तो या एका प्रश्नापुरताच राहील. हा प्रश्न फार वर्षे लांबणीवर पडला आहे.

शास्त्रवचन या बाबतीत संदिग्ध नाही. गणनेच्या पाचव्या अध्यायात अपराध्याने पाप कबूल करावे, मूळ ऐवज परत द्यावा, वर पंचमांश घालावा आणि हे सारे ज्याचा अपराध केला त्याच्या हाती सोपवावे, असा नियम आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवतो. जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याची तयारी दाखवतो; त्यानंतरच त्याच्या घराला तारण मिळाल्याचे प्रभू सांगतो. पौल फिलेमोनाला पत्र लिहितो तेव्हा त्याचा दास अनेसिम याचे देणे स्वतःच्या नावावर मांडून घ्यायला तयार होतो. देणे विसरून जा, असे तो म्हणत नाही.

चर्चच्या इतिहासात मात्र हा धागा पातळ होत गेला. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचे केले. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या पहिल्याच सिद्धान्तात श्रद्धावंताचे अवघे आयुष्य पश्चात्तापाचे असावे, असे मांडले. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने अनुताप, पापनिवेदन आणि भरपाई ही तीन अंगे ठरवली. त्यांतली भरपाई व्यवहारात बहुधा नेमून दिलेल्या प्रार्थनांवर भागू लागली. प्रॉटेस्टंटांनी कृत्यांनी तारण मिळत नाही, असे योग्यच सांगितले. पण देवाला मोल देता येत नाही म्हणून शेजाऱ्याचे देणेही फिटले, असा सोयीचा समज उपदेशपीठांभोवती वाढला.

मराठीत हा विषय आला तो ओवीतून. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. आदामाच्या पतनापासून ख्रिस्ताने केलेल्या तारणापर्यंतचा त्याचा पट भव्य आहे आणि त्यात पाप हे मुख्यतः मनुष्य आणि देव यांच्यामधले आहे. १६२९ मध्ये एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाचे पेत्राविषयीचे पुराण आले. प्रभूला तीनदा नाकारून रडलेला पेत्र हा पश्चात्तापाचा सर्वांत मोठा नायक. त्याच्याच कथेत, योहानाच्या शेवटच्या अध्यायात, ज्याला नाकारले तो स्वतः समोर बसून तीनदा प्रेमाविषयी विचारतो. दुखावलेला बोलतो आणि अपराध्याला उत्तर द्यावे लागते. मराठी परंपरेने पेत्राचे अश्रू उचलले, ते प्रश्न उचलले नाहीत.

मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगावात झाला. त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रापासून पश्चात्ताप म्हणजे धर्मांतराची हकीकत, हे समीकरण रुजले. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मध्ये विधवांचे दुःख केंद्रस्थानी आहे. त्यांच्या अपराध्यांनी त्यांच्यापुढे उभे राहावे, हा त्या पुस्तकाचा विषय नव्हता. नारायण वामन टिळकांनी तुकोबांची आत्मपरीक्षणाची वाट धरून अभंग रचले आणि ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाला अनुतापाची अस्सल मराठी बोली दिली. त्या बोलीचे ऋण न फिटणारे आहे. मात्र तिच्यातही अनुतापी जीव आणि त्याचा प्रभू असे दोघेच असतात.

साहित्यिकांच्या बैठकांत एक वाद दर वेळी रंगतो: पापकबुली पुरोहितापुढे करावी, मंडळीपुढे करावी की एकांतात देवापुढे? चार्ल्स रीव्ह यांच्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनने नसरापूरला ठाणे केल्यापासून भोरच्या या मुलखात मंडळीपुढे साक्ष देण्याची रीत आहे. प्रस्तुत वक्त्याची पाळकीय सेवा भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत झाली आणि त्या वादाचा निकाल वेल्ह्याकडच्या एका वाडीत लागला. तिथे एका शेतकऱ्याने उपासनेत उभे राहून सांगितले की, शेजारच्या विधवेच्या भातखाचराचा बांध तो वर्षानुवर्षे थोडा थोडा कोरीत आला होता. तो रडला, मंडळी रडली, गीत झाले, पापक्षमेचे वचन वाचले गेले. ती बाई शेवटच्या रांगेत होती. बाहेर येताच तिने विचारले, “पाळकसाहेब, बांध कधी मागं घेणार हा?” मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तिलाच गप्प केले: देवाने क्षमा केली, तू कोण अडवणारी?

वडीलधाऱ्यांशी वाद घालावा लागला, तो अनेक आठवडे चालला. पावसाळ्याआधी बांध जुन्या जागी गेला आणि मिळालेल्या पट्टीत तिने रोपे लावली. क्षमा केल्याचे तिने तोंडाने कधीच म्हटले नाही. मंडळीत तिला कठोर ठरवले गेले. ती कठोर नव्हती. तिच्या क्षमेची वेळ ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता. कबुली कुणापुढे, हा प्रश्न त्या खाचरात दुय्यम ठरला. जिचा बांध कोरला तिचे देणे न फेडता झालेली कबुली अपुरी असते, मग ती कानात सांगितलेली असो वा मंडळीत.

पाश्चात्त्य कलेने हा पेच ओळखला होता. रेम्ब्रांटने आयुष्याच्या अखेरीस रंगवलेल्या उधळ्या पुत्राच्या चित्रात गुडघे टेकलेला मुलगा आणि त्याच्या पाठीवरचे बापाचे हात सर्वांना आठवतात. उजवीकडे ताठ उभी असलेली आकृती थोरल्या भावाची मानली जाते. ती चित्राबाहेर ढकललेली नाही. उजेड तिच्याही चेहऱ्यावर आहे. टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या १८९९ च्या कादंबरीत नेख्ल्यूदोव्हचा पश्चात्ताप खरा आहे, तरी ज्या मास्लोवाचा त्याने अपराध केला, ती त्याच्याशी लग्न नाकारते. तिच्या नकाराने ती कादंबरी मोठी झाली.

पुणे जिल्ह्यातच याहून अवघड उदाहरण आहे. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आत्मिक जागृती झाली. पंडिता रमाबाईंच्या आश्रयाला आलेल्या मुली आणि स्त्रिया मोठ्याने आपली पापे कबूल करीत रडल्या. त्या हकिकती श्रद्धेने लिहिल्या गेल्या आहेत आणि श्रद्धेनेच वाचाव्यात. पण त्यांतल्या कित्येकी दुष्काळाने आणि वैधव्याने उघड्यावर पडलेल्या होत्या. स्वतःच्या पापांसाठी त्या रडल्या. त्यांना घराबाहेर काढणाऱ्यांच्या पश्चात्तापाची हकीकत मराठीत कुणी लिहिली?

एकच पुस्तक या कसोटीला पुरे उतरते, आणि ते दुखावलेल्या बाजूने लिहिलेले आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. त्या वर्षानुवर्षे दूर राहिल्या. परत आल्या त्या आपली चूल वेगळी ठेवून. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. त्यात नवऱ्याचा संताप झाकलेला नाही, त्याच्यावरचे प्रेमही झाकलेले नाही. क्षमा घाईने घडत नाही, ती रोजच्या व्यवहारात, भांडणांत आणि हसण्यात मुरत जाते, हे त्यात पानोपानी दिसते. समीक्षकांनी या पुस्तकाला विनोदाचे आणि प्रांजळपणाचे श्रेय दिले. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्याला पापक्षमेचा ग्रंथ म्हणून स्थान मिळायला हवे.

यापुढे दोन कामे आहेत. साक्षींच्या संग्रहांत ज्यांचा अपराध झाला त्यांचे म्हणणेही नोंदवले जावे, त्यांची संमती घेऊन आणि नावे झाकून. ‘उपासना संगीता’त भरपाईच्या विषयावर नव्या रचनांची भर पडावी; कवींनी ती जबाबदारी घ्यावी. सुरुवात भोर आणि वेल्ह्याच्या मंडळ्यांपासून व्हावी. तपशील कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत ठरवावेत.