घरचा संगणक आणि न उघडणाऱ्या फायली



व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून एक शंका माझ्या कानावर येते आहे, की वसंत व्याख्यानमालेत संगणकदुरुस्ती कशाला? हे काम तर बाजारपेठेतला कोणीही हुशार मुलगा करून देतो. शंका रास्त आहे. पण त्या मुलाकडे आपण जातो ते यंत्र बंद पडल्यावर. यंत्र धडधाकट चालू आहे, फाईलही डोळ्यांसमोर आहे आणि तरी ती उघडत नाही, किंवा उघडते आणि आतली अक्षरे ओळखू येत नाहीत, हा प्रकार निराळा. त्यात बिघाड कशाचाच झालेला नसतो. म्हणूनच तो माणसाला अधिक हताश करतो.

इगतपुरीकरांना हे समजावून सांगणे सोपे आहे. १९३०च्या सुमारास मुंबईहून आपल्या गावापर्यंत विजेची गाडी आली, ती १५०० व्होल्टच्या डी.सी. प्रवाहावर. पुढे भुसावळच्या बाजूला वीज आली ती २५ हजार व्होल्टच्या ए.सी. प्रवाहाची. रूळ तेच, डबे तेच, उतारूंची गाठोडी तीच. तरी कित्येक वर्षे गाडी आपल्या स्टेशनात थांबे आणि इंजिन बदलल्याशिवाय पुढे सरकत नसे. आता मुंबईपर्यंत सगळीकडे ए.सी. झाल्याने प्रवाहापायी इंजिन बदलणे संपले. कसाऱ्याहून घाट चढताना मागे लावायची इंजिने तेवढी राहिली. फाईल न उघडण्याची पुष्कळशी दुखणी ह्याच जातीची आहेत. माल शाबूत असतो, इंजिन जुळत नसते.

आता मराठी अक्षरांकडे येतो, कारण आपल्या घरांतले सर्वांत मोठे नुकसान तिथे होते आहे. १९९० ते २००५ ह्या काळात ज्यांनी संगणकावर मराठी लिहिले, त्यांतल्या बहुतेकांनी ते एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिले. लग्नपत्रिका, वंशावळी, संस्थांची इतिवृत्ते, कोणाच्या वडिलांचे आत्मवृत्त. आज ती फाईल उघडली, की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक खच दिसतो. लोक समजतात विषाणू शिरला, आणि फाईल पुसून टाकतात. थांबा! काही पुसू नका.

झाले आहे ते असे. संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. जुन्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसवली. 'कृतिदेव' फॉन्टमध्ये आपला 'क' इंग्रजी 'डी'च्या घरात, म्हणजे १०० क्रमांकावर राहतो. 'शिवाजी' फॉन्टमध्ये तोच 'क' इंग्रजी 'के'च्या घरात, १०७ वर. ज्याचा फॉन्ट त्याची बाराखडी! तो फॉन्ट नव्या संगणकावर नसला, की पडदा पडतो आणि घराचा मूळ इंग्रज मालक दारात उभा राहतो.

ह्यावर उपाय करण्याचे प्रयत्न आपल्या देशात लवकर झाले. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली आणि भारतीय लिप्यांच्या यंत्रलेखनाचे मोठे काम तिने केले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ह्या संकेताचे मानक ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरी होती. युनिकोडात 'क'चा क्रमांक २३२५. मग तो इगतपुरीत टंकलेला असो की टोरांटोत. तरी घरोघर युनिकोड पोचायला पुढली पंधरा-वीस वर्षे गेली आणि मधल्या काळातले लेखन अधांतरी राहिले.

ते परत मिळवायचे कसे? ज्या प्रोग्रॅममध्ये मूळ लेखन झाले त्यात फाईल उघडून मजकुरावर टिचकी मारा. फॉन्टचे नाव वर दिसते. तो फॉन्ट मिळवून बसवला की अक्षरे जागच्या जागी येतात. तेवढ्यावर समाधान मानू नका. आधी पीडीएफ प्रत काढा, म्हणजे दिसणारे रूप तरी गोठले. नंतर फॉन्ट-परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडात आणा, आणि मग (हे मी हात जोडून सांगतो) माणसाने वाचून पाहा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी कागदावर दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडात ती अक्षरानंतर असते. रफाराचे उलटे: जुन्यात नंतर, नव्यात आधी. परिवर्तक इथे चुकला की 'धर्म'चा 'धमर्' होतो. आजोबांच्या आत्मवृत्तात असे शेकडो 'धमर्' राहिले तर नातवंडे ते वाचायची नाहीत.

मराठीची आणखी एक खास खोड आहे. 'दुसऱ्या' ह्या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन रीतींनी लिहितात. कोणी खालच्या टिंबाचा, २३५३ क्रमांकाचा ऱ घेतात. कोणी साधा र घेऊन त्याला एक अदृश्य जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन निरनिराळे शब्द. म्हणून शोध घेतल्यावर 'सापडले नाही' असे उत्तर येते आणि शब्द तर समोर दिसत असतो. असे झाल्यास अर्धा र टाळून शब्दाचा उरलेला तुकडा शोधावा, हे व्यवहारी उत्तर.

आपल्याच गावातले एक मोठे उदाहरण ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९५४ ते १९५६ ह्या काळात रंगूनला जी सहावी संगीती भरली, तिने सिद्ध केलेला पाली त्रिपिटकाचा पाठ धम्मगिरीवरच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापला, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस सीडीवरही आणला. आजच्या बहुतेक लॅपटॉपांना सीडीची खाचच नाही. पाठ केवळ तबकडीवर राहता तर तबकडीबरोबर कपाटात गेला असता. पण तो पुढे युनिकोडात आणून संकेतस्थळावर ठेवला गेला, आणि आज देवनागरी, रोमन, सिंहली, थाई, बर्मी अशा लिप्यांत वाचता येतो. संस्थेला जे हजारो पानांसाठी करता आले, ते एका घराला चाळीस पानांच्या वंशावळीसाठी अवघड का वाटावे?

आता चित्रफितींचे पाहू. मुलीच्या लग्नाची चित्रफीत संगणकावर लावली. चित्र दिसते, आवाज नाही. किंवा आवाज येतो आणि पडदा काळा. एमपी४ हे नुसते डब्याचे नाव आहे. डब्यावर 'चिवडा' लिहिले म्हणजे आत चिवडाच असतो, असे आपल्या घरांत तरी कोणी मानत नाही! डब्याच्या आत चित्र एका रीतीने दाबून भरलेले असते, आवाज दुसऱ्या रीतीने. ह्या रीतीला कोडेक म्हणतात. नवे फोन एच. २६५ नावाच्या रीतीने भरतात, ती जुन्या संगणकाला सोडवता येत नाही. पुष्कळजण फाईलच्या शेवटचे नाव बदलून पाहतात. ते डब्यावरची चिठ्ठी बदलणे झाले. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी विद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला व्हीएलसी नावाचा मोफत प्रोग्रॅम २००१ पासून सर्वांना खुला आहे; बहुतेक सगळे डबे तो उघडतो. आधी तो लावून पाहा.

पेन ड्राईव्हची तक्रार तर नेहमीची. ६४ जीबीचा नवा कोरा पेन ड्राईव्ह, तरी सहा जीबीची चित्रफीत त्यात जात नाही. दुकानदाराने फसवले म्हणून भांडायला जाऊ नका. तो पेन ड्राईव्ह फॅट३२ पद्धतीने आखलेला असतो आणि त्या पद्धतीत फाईलचा आकार लिहायला जागा तोकडी, म्हणून एक फाईल चार जीबीपर्यंतच मावते. एक्सफॅट पद्धतीने आखणी केली की काम होते. मात्र नवी आखणी म्हणजे आतले सगळे गेले, तेव्हा आधी ते दुसरीकडे उतरवून घ्यावे.

फोटोंबद्दल एवढेच, की व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो लहान होऊन पोचतो आणि तो कधी काढला ती तारीखही गळते. मूळ प्रत हवी तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

आणि चुकून पुसले गेले तर? कार्डावरून फाईल पुसणे म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीतले कार्ड फाडणे; पुस्तक काही काळ मांडणीवर तसेच असते. त्या जागी दुसरे पुस्तक येईपर्यंत ते परत मिळते. म्हणून त्याच क्षणी कार्ड कॅमेऱ्यातून बाहेर काढावे, एकही नवा फोटो घेऊ नये, आणि फोटोरेक किंवा तशा प्रोग्रॅमने दुसऱ्या संगणकावर शोध करावा. लॅपटॉपातल्या नव्या एसएसडीची गोष्ट मात्र कठीण. ती मोकळी झालेली जागा स्वतःच झाडून घेते.

राहता राहिला आपला पाऊस. जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर फुटतो, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. ती कॅसेटच्या फितीवरही येते. बुरशी धरलेली फीत यंत्रात घालून 'चालते का' पाहू नका, एका फितीची बुरशी यंत्राच्या वाटेने दुसऱ्या सगळ्यांना लागते. घरी नोंदवलेल्या सीड्यांना दमट हवा आणि ऊन दोन्ही वाईट. ज्या कॅसेटमध्ये आईच्या ओव्या आहेत, ती ह्या उन्हाळ्यातच नाशिकला नेऊन संगणकावर उतरवून घ्यावी. मग तिच्या तीन प्रती कराव्यात: एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर (ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर), आणि एक गावाबाहेर, लेकीकडे किंवा भावाकडे. दर दिवाळीला साफसफाईत ती डिस्क लावून दोन-चार फायली उघडून, ऐकून पाहाव्यात.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवावेत. ज्यांची फाईल उघडत नाही त्यांनी फाईलच्या नावातली टिंबापुढची अक्षरे आणि पडद्यावर आलेले वाक्य जसेच्या तसे लिहावे. 'चालत नाही' एवढेच लिहिले तर माझेही चालायचे नाही.