झाशीचे दोन साक्षीदार

इ. स. १८५८ च्या एप्रिल महिन्यात झाशी पडली, त्या वेळी त्या शहराच्या तटाच्या आत एक आणि बाहेर एक असे दोन गृहस्थ होते. दोघांपैकी कोणीही हाती शस्त्र धरणारा नव्हता. आतला गृहस्थ म्हणजे पेणजवळच्या वरसई गावचा तिशीतला भिक्षुक, विष्णुभट गोडसे. बाहेरचा म्हणजे सर ह्यू रोज याच्या फौजेबरोबर आलेला, मद्रासच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीचा डॉक्टर टॉमस लो. पुढे दोघांनीही आपापली हकीकत लिहिली. लोचे पुस्तक १८६० साली लंडनमध्ये निघाले. विष्णुभटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. लेखक माहिती कोठून घेतो, कोठे उभा राहून पाहतो आणि त्याच्या मनाचा कल लेखणीत कसा उतरतो, हे पाहावयाचे असेल, तर हे दोन वृत्तांत शेजारी ठेवून वाचावेत.

प्रथम माहितीच्या उगमाचा विचार करू. विष्णुभटजी ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून, घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळावी या आशेने, काकांना बरोबर घेऊन १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि वाटेत बंडात सापडले. झाशीच्या वेढ्याचे, आगीचे आणि लुटीचे त्यांनी केलेले वर्णन हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेल्याचे आहे. परंतु त्याच पुस्तकात बंडाचे कारण सांगताना ते एक निराळीच कथा देतात : सरकारने धर्म बुडविण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमांची यादी केली आणि ती राजेरजवाड्यांपुढे ठेवली, अशी ती कथा. ही वाटेवर कानी आलेली गोष्ट. तिला इतिहास म्हणून आधार नाही. मात्र तेवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाही. त्या वर्षी वाटसरू आणि शिपाई एकमेकांना काय सांगत होते, त्यांच्या मनात कोणती धास्ती बसली होती, याचा तो अस्सल पुरावा आहे. एकच वाक्य घटनेचा पुरावा म्हणून लटके आणि लोकभावनेचा पुरावा म्हणून खरे असू शकते. वाचकाने आधी ठरवावयाचे ते हे, की आपण त्याला कशाविषयी साक्ष विचारीत आहोत.

डॉक्टर लोच्या पुस्तकालाही हीच कसोटी लावली पाहिजे. राणी लक्ष्मीबाईंना तो बायबलातील ईझेबेल या दुष्ट राणीची उपमा देतो आणि रक्तपाताचा दोष त्यांच्या माथी मारतो. हा रोष ८ जून १८५७ रोजी झाशीच्या जोखनबागेत झालेल्या इंग्रज स्त्री-पुरुष-मुलांच्या कत्तलीमुळे आहे. ती कत्तल घडली हे खरे. पण लो त्या दिवशी झाशीत नव्हता, विष्णुभटजीही नव्हते. म्हणजे वेढ्याचे हे दोघे प्रत्यक्ष साक्षीदार, पण त्या कत्तलीविषयी दोघेही ऐकीव सांगणारे. याच महिन्याच्या १२ आणि १४ तारखांना राणींनी कमिशनर अर्स्किन याला पत्रे लिहून, हे कृत्य शिपायांचे असून आपण त्यांच्यापुढे निरुपाय होतो, असे कळविले होते. ही पत्रे घटनेच्या फार जवळची आहेत. पण सरकारचा संशय दूर करावा हा हेतूही त्यांत आहेच. जवळचा पुरावा म्हणजे निर्हेतुक पुरावा नव्हे.

आता दृष्टिकोन पाहा. लो छावणीतून शहराकडे पाहतो. त्याला दिसतात त्या तोफा, तटाला पडणारे खिंडार, उन्हाने कोसळणारे गोरे शिपाई आणि त्यांच्या जखमा. शहरातील माणूस त्याला बंडखोर या एकाच नावाने ठाऊक आहे. विष्णुभटजी गल्लीतून पाहतात. त्यांना दिसते ती घरात लपलेली कुटुंबे, पाण्यासाठी जीव धोक्यात घालणारी माणसे, घरोघर झालेली हत्या आणि दिवसागणिक चालू राहिलेली लूट. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश पाहून त्यांचे मन कळवळते. बाहेरच्याला जो विजयाचा दिवस, तो आतल्याला प्रलय.

परंतु विष्णुभटजींनाही सारे दिसते असे नाही. ते राजाची थोरवी त्याच्या दानधर्मावरून मोजतात. दक्षिणा, भोजन, सोवळेओवळे आणि यज्ञयाग यांची नोंद ते बारकाईने करतात. शेतकऱ्याचे किंवा साध्या शिपायाचे घर मात्र त्यांच्या लेखनात क्वचितच उघडते. शिवाय त्यांनी हे सारे लिहिले ते सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. तोवर राणींची कीर्ती सर्वत्र पसरली होती. त्या कीर्तीचा रंग आठवणींवर चढला नसेल, असे कसे म्हणावे?

पुढे या पुस्तकावर आणखी एक हात फिरला. वैद्य हे स्वतः मोठे विद्वान, ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश राहिलेले. त्यांनी पुस्तक प्रसिद्ध केले ते विष्णुभटजींच्या निधनानंतर, आणि तेही भाषा सुधारून, काही मजकूर गाळून व बदलून. वंगभंगानंतरच्या त्या दिवसांत बंडाची हकीकत छापताना सावधगिरी बाळगावी लागली असेल, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक विष्णुभटजींचे म्हणून जे वाचीत होता, त्यात वैद्यांचाही वाटा होता. मूळ मोडी हस्तलिखित वैद्यांनीच पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले, म्हणूनच १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना मूळ पाठ लोकांपुढे आणता आला. ज्याने पाठ बदलला त्यानेच ताडून पाहण्याचे साधन राखून ठेवले, हे वैद्यांच्या प्रामाणिकपणाचे गमक होय.

मग या साक्षीदारांपैकी कोणावर विश्वास ठेवावा? माझ्या मते, ज्याचा कल आपणांस ठाऊक झाला, त्याच्यावर जपून पण अवश्य ठेवावा. साक्षीदार आपल्या कलाविरुद्ध जे सांगतो, त्याचे मोल विशेष. झाशीच्या तोफखान्यावर स्त्रिया काम करताना आणि दारूगोळा वाहताना दिसल्या, हे स्वतः ह्यू रोजने आपल्या अहवालात नमूद केले. राणींना शत्रुपक्षातील सर्वांत शूर व श्रेष्ठ सेनानी म्हणणाराही तोच. अर्थात येथेही सावध राहावे. शत्रूला थोर म्हटले की त्याला जिंकणाराही थोर ठरतो. परस्परविरोधी बाजूंचे दोन लेखक जेथे एकच गोष्ट सांगतात, तेथे पाय भक्कम टेकतो. रस्तोरस्ती लढाई झाली आणि शहर हत्येने व आगीने उद्ध्वस्त झाले, हे लो आणि विष्णुभटजी दोघेही सांगतात.

शेवटी एक गोष्ट आपणा स्वतःविषयी सांगितली पाहिजे. लोचा पक्षपात आपल्या चटकन ध्यानात येतो, कारण तो आपल्याला बोचतो. विष्णुभटजींचा येत नाही, कारण तो आपल्याला गोड लागतो. ग्वाल्हेर-इंदूरच्या बाजूस ज्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्यांना तर झाशीची कथा घरचीच वाटते. वाचनातील खरी परीक्षा तेथेच आहे. जो लेखक आपल्या मनाजोगते बोलतो, त्याला हे तू पाहिलेस की ऐकलेस, असे विचारण्याचे धैर्य आपल्याला झाले पाहिजे. एप्रिल १८५८ मध्ये झाशीच्या गल्ल्यांतून जी माणसे मेली, त्यांतील बहुतेकांची नावे कोणीच लिहून ठेवली नाहीत. त्यांच्याविषयी जे थोडके उरले आहे, ते नीट पारखून घेणे एवढेच आता आपल्या हाती आहे.